किरणोत्सर्गी समस्थानिके : त्यांचे आयुष्य व त्यांचे उपयोग

‘अणू’ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम हिरोशिमा उभे राहते. ते स्वाभाविक आहे. ज्या विद्येची ओळख सामान्य जगाला ६ ऑगस्ट १९४५ रोजी एका शहराच्या राखेतून झाली, तिच्याविषयी मनात भय असले तर त्यात गैर काही नाही. परंतु याच विद्येची एक शाखा त्याच्याही आधीपासून निमूटपणे माणसाच्या उपयोगी पडत आली आहे. रुग्णालयात ती गळ्यातील ग्रंथीचा रोग शोधते आणि बराही करते. बंदरात ती समुद्राच्या तळाशी गाळ कोणीकडे वाहतो ते सांगते. लासलगावी ती कांद्याला मोड येऊ देत नाही. आणि जुन्या वस्तीच्या उकिरड्यात सापडलेल्या कोळशाच्या तुकड्यावरून ती वस्ती किती वर्षांपूर्वीची हेही ती सांगते. ही शाखा म्हणजे किरणोत्सर्गी समस्थानिकांची. नाव बोजड आहे, पण त्यामागची कल्पना साधी आहे. ती नीट ध्यानात आली म्हणजे या वस्तू कामाला कशा येतात हे तर कळेलच, शिवाय त्यांना कोठे भ्यावे आणि किती भ्यावे हेही कळेल. आमच्या मते हे दुसरे कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

समस्थानिक म्हणजे काय?

कोणत्याही मूलद्रव्याच्या अणूत मध्यभागी एक केंद्र असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. केंद्रात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. मूलद्रव्याची जात ठरते ती प्रोटॉनांच्या संख्येवरून. सहा प्रोटॉन असले की तो कार्बन, सात असले की नायट्रोजन. न्यूट्रॉनांची संख्या मात्र एकाच मूलद्रव्यात कमीजास्त असू शकते. आपल्या चुलीतल्या कोळशात बहुतेक अणू सहा प्रोटॉन व सहा न्यूट्रॉन असलेले, म्हणजे कार्बन-१२ असतात. काही थोडे कार्बन-१३ असतात. आणि लाकूड फार जुने नसेल तर अगदी विरळा असा एखादा कार्बन-१४ असतो. ही सारी एकाच मूलद्रव्याची समस्थानिके. मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्यांचे स्थान एकच, म्हणून हे नाव. स्कॉटलंडात १९१३ साली फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, तेव्हा ‘समान’ आणि ‘स्थान’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून तिला नाव सुचवले ते मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सारा व्यवहार तिच्यावर उभा आहे. रासायनिक क्रिया होतात त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि ते सर्व समस्थानिकांत सारखेच असतात. त्यामुळे आपल्या शरीराला साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी आयोडीन कोणते हा भेद करता येत नाही. ते दोन्हींचे सारखेच स्वागत करते.

भेद आहे तो आत, केंद्रात. काही केंद्रांत प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे प्रमाण बेताचे नसते. असे केंद्र कधी ना कधी आपल्यातील काही बाहेर फेकते आणि अधिक स्थिर रूप घेते. या फेकण्यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. कार्बन-१४ चा अणू अशा रीतीने नायट्रोजन होऊन बसतो. बाहेर पडणाऱ्या किरणांचे मुख्य प्रकार तीन. आल्फा किरण कागदाच्या एका पानाने अडतात; बीटा किरणांना अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो; गॅमा किरणांना आवरायला मात्र शिशाची जाड वीट किंवा काँक्रीटची भिंत लागते.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती पॅरिसमध्ये १८९६ साली. काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली फोटोची काच युरेनियमच्या क्षारामुळे अंधारातच उमटली, हे हेन्री बेक्वेरेल यांनी पाहिले. दोन वर्षांनी मेरी व पिएर क्यूरी यांनी पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. तोवर माणूस निसर्गात मिळेल त्यावर भागवीत होता. १९३४ साली क्यूरींची कन्या आयरीन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी अॅल्युमिनियमवर आल्फा कणांचा मारा करून किरणोत्सर्गी फॉस्फरस निर्माण केला, आणि अशी समस्थानिके हाताने घडवता येतात हे सिद्ध झाले. आज हे काम मुख्यतः अणुभट्टीत होते. साधा कोबाल्ट भट्टीत ठेवावा. त्याचा अणू एक न्यूट्रॉन गिळतो आणि कोबाल्ट-६० होतो. आपल्याकडे तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली, आणि या देशात समस्थानिके तयार करण्याचा पाया तेथे घातला गेला.

किल्ली नसलेले घड्याळ

आता मुख्य प्रश्न. असा अस्थिर अणू फुटतो केव्हा?

समजा, व्याख्यानाच्या मंडपात १,०२४ श्रोते बसले आहेत आणि प्रत्येकाच्या हाती एक नाणे आहे. दर मिनिटाला घंटा होते. घंटा झाली की प्रत्येकाने नाणे उडवायचे. छापा पडेल त्याने उठून घरी जायचे, काटा पडेल त्याने बसून राहायचे. पहिल्या घंटेनंतर सुमारे ५१२ श्रोते उरतील, दुसरीनंतर सुमारे २५६, तिसरीनंतर १२८. आणि दहाव्या घंटेनंतर मंडपात एखादाच गृहस्थ शिल्लक असेल. अमुक एक गृहस्थ केव्हा उठतील हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. परंतु मंडप किती वेळात निम्मा होईल हे आपण आधीच सांगू शकतो. मंडपात हजार माणसे असली तर अंदाज थोडाफार चुकेल. किरणोत्सर्गी पदार्थाच्या एका कणात अब्जावधी अणू असतात, म्हणून तेथे तो जवळजवळ अचूक ठरतो. निम्मे अणू फुटायला लागणारा हा जो काळ, त्यालाच त्या समस्थानिकाचे अर्धायुष्य म्हणतात.

यावर कोणी म्हणेल की हे आयुर्विम्यासारखेच झाले. विमा कंपनीला कोण केव्हा जाणार हे ठाऊक नसते, पण लाखातून किती जातील हे ठाऊक असते. साम्य आहे खरे, परंतु एक फरक मोठा आहे. माणूस म्हातारा होतो आणि वयाबरोबर त्याचा धोका वाढतो. अणू म्हातारा होत नाही. नऊ वेळा काटा पडलेल्या गृहस्थाला दहाव्या वेळी छापा पडण्याची शक्यता तेवढीच असते, तसेच हे. वीस हजार वर्षे टिकलेला कार्बन-१४ चा अणू आणि काल जन्मलेला अणू यांत तिळमात्र अंतर नाही.

ही अर्धायुष्ये फार निरनिराळी आहेत. फ्लोरीन-१८ चे ११० मिनिटे, आयोडीन-१३१ चे ८ दिवस, कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षे, सीझियम-१३७ चे ३० वर्षे, रेडियम-२२६ चे १,६०० वर्षे, कार्बन-१४ चे ५,७३० वर्षे, आणि युरेनियम-२३८ चे सुमारे ४५० कोटी वर्षे. पदार्थ तापवा, बर्फात ठेवा, आम्लात विरघळवा, घणाने कुटा, जाळून त्याची राख करा. व्यवहारापुरते बोलायचे तर या आकड्यांत काडीचाही फरक पडत नाही. हे किल्ली नसलेले घड्याळ आहे. ते थांबवता येत नाही आणि पुढेही सारता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. ज्याचे अर्धायुष्य थोडे, त्याचे अणू भराभर फुटतात, म्हणून तेवढ्याच अणूंतून त्याचे किरण जोरात येतात. ज्याचे अर्धायुष्य कोट्यवधी वर्षांचे, तो अतिशय मंदपणे जळतो. ‘हा पदार्थ कोट्यवधी वर्षे किरणोत्सर्गी राहतो’ असे वाचून आपण दचकतो, पण त्या वाक्याचा अर्धा अर्थ असा की तो एका दिवसात फारच थोडे किरण सोडतो. आपल्या शरीरातील पोटॅशियममध्येच पोटॅशियम-४० हे समस्थानिक असते, आणि धडधाकट माणसाच्या अंगात त्याचे चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदाला फुटत असतात. मनुष्यप्राणी या किरणांच्या संगतीतच वाढलेला आहे. म्हणून ‘किरण आहेत की नाहीत’ या प्रश्नावर थांबून चालत नाही. कोणते, किती, आणि किती काळ, हे विचारावे लागते.

माग काढणारे अणू

पहिला उपयोग हेराचा. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज हेवेशी हे तरुणपणी मँचेस्टरला एका खानावळीत जेवत असत. ताटात उरलेले मांस पुढच्या दिवसांत रूप पालटून पुन्हा वाढले जाते असा त्यांना संशय होता, आणि मालकीणबाई तो मान्य करीत नव्हत्या. तेव्हा त्यांनी एके दिवशी उरलेल्या घासात किरणोत्सर्गी शिशाचा अंश मिसळून ठेवला, आणि नंतरच्या जेवणात आलेल्या पदार्थाजवळ विद्युत्‌दर्शक यंत्र धरले. यंत्राने साक्ष दिली. ही हकीकत हेवेशी स्वतःच सांगत. खानावळीतील या युक्तीमागचे तत्त्व त्यांनी वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासात पुढे नेले आणि १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. तत्त्व इतकेच, की खुणेचे थोडे अणू गर्दीत सोडावेत आणि ते कोठे जातात ते दुरून पाहावे.

मुंबई बंदरात हेच झाले. गोदीकडे येणाऱ्या जलमार्गात गाळ साचतो. तो उपसून समुद्रात नेऊन टाकावा लागतो. पण भलत्या जागी टाकला तर भरतीबरोबर तो परत येतो आणि उपशाचा खर्च पाण्यात जातो. गाळाला खूण कशी करणार? १९५९ साली तेथे स्कँडियम-४६ वापरून हा शोध घेण्यात आला. अशा प्रयोगात गाळाच्याच आकाराचे व वजनाचे किरणोत्सर्गी कण तळाशी सोडतात आणि होडीतून मापनयंत्र ओढीत त्यांचा प्रवास नकाशावर मांडतात. स्कँडियम-४६ चे अर्धायुष्य ८४ दिवस. काही महिने माग काढायला ते पुरते, आणि दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या सुमारास, हजारावा हिस्साच उरतो. आठ दिवसांचे समस्थानिक घेतले असते तर माग मध्येच हरवला असता; तीस वर्षांचे घेतले असते तर एका प्रश्नाच्या उत्तरासाठी बंदर पिढीभर डागाळले असते. या क्षेत्रातील सारे शहाणपण या निवडीत आहे. घड्याळ बदलता येत नाही, म्हणून कामाला साजेसे घड्याळ निवडायचे.

वैद्यकात हीच निवड अधिक नाजूक होते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन वेचून घेते. तिला आयोडीन-१३१ दिले की ते नेमके तेथेच जमते. त्याच्या गॅमा किरणांवरून बाहेर चित्र काढता येते. आणि मात्रा मोठी असेल तर त्याचे बीटा किरण, जे मांसात फार तर दोन-तीन मिलिमीटर जातात, रोगट पेशींना जागच्या जागी मारतात. ही उपचारपद्धती १९४१ पासून चालत आली आहे. मोठी मात्रा दिलेल्या रोग्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, ते आठ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे. घरच्या माणसांनी त्याचा अर्थ रोग्याला वाळीत टाकले असा करू नये. आणि सांगितलेली मुदत संपल्यावरही त्याच्यापासून दूर दूर राहू नये.

केवळ तपासणी करायची तर आठ दिवसही फार झाले. तेथे टेक्नेशियम-९९ चे एक रूप वापरतात. त्याचे अर्धायुष्य सहा तास. पण सहा तासांची वस्तू गावोगाव पोचवायची कशी? त्यावर युक्ती अशी, की तिचे जनक मॉलिब्डेनम-९९, ज्याचे अर्धायुष्य ६६ तास आहे, ते शिशाच्या भांड्यात भरून पाठवतात. भांड्यात ते हळूहळू टेक्नेशियम बनत राहते, आणि सकाळी मिठाचे निर्जंतुक पाणी आतून सोडून तेवढे टेक्नेशियम धुऊन घेता येते. प्रयोगशाळेतील मंडळी या भांड्याला गाय म्हणतात आणि त्या क्रियेला दूध काढणे. फ्लोरीन-१८ ला तर अशी गायही नाही. ते यंत्रात घडवावे लागते आणि घाईने वापरावे लागते. परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात असे पहिले वैद्यकीय यंत्र २००२ साली आले. मुंबईत भरलेली कुपी पुण्याला टोचेपर्यंत पावणेचार तास मोडले, तर तिच्यात चौथा हिस्साच उरतो. म्हणून हे औषध मापताना वाटेतला वेळही मापावा लागतो.

किरणांचा मारा आणि काळाचे मोजमाप

दुसरा उपयोग बळाचा. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण खोल जातात. १९५१ साली कॅनडात त्यांनी कर्करोगावर उपचार सुरू झाले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे त्याच जातीचे यंत्र. यातही घड्याळ चालूच असते. सव्वापाच वर्षांत स्रोत निम्मा होतो, म्हणजे तेवढ्याच मात्रेसाठी रोग्याला दुप्पट वेळ यंत्राखाली राहावे लागते. म्हणून स्रोत वेळोवेळी बदलावा लागतो. तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य बंद पाकिटातच निर्जंतुक करण्यात येऊ लागले, तेही याच किरणांनी. लासलगावी २००२ साली सुरू झालेल्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला अल्प मात्रा देतात. त्याने मोड फुटत नाहीत. २००७ पासून हापूस आंबा अमेरिकेला जाऊ लागला, तोही कोयीतील किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांखालून जाऊनच.

येथे एक शंका नेहमी येते. असा कांदा किंवा आंबा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही काय? होत नाही. कोबाल्टच्या किरणांत पेशीतील रेणू मोडण्याइतके बळ आहे, पण अणूचे केंद्र बदलण्याइतके नाही. उन्हात वाळवलेला पापड रात्री उजेड देत नाही, तसेच हे. किरणांपुढून गेलेली वस्तू आणि किरणोत्सर्गी धूळ अंगावर बसलेली वस्तू यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हे अंतर ओळखणे म्हणजे अर्धी भीती योग्य जागी ठेवणे होय.

तिसरा उपयोग काळ मोजण्याचा. अवकाशातून येणारे किरण वातावरणात सतत थोडा कार्बन-१४ घडवीत असतात. झाड जिवंत असेतोवर तो घेत राहते. मेल्यावर आवक थांबते आणि घड्याळ उघडे पडते. ही पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४० नंतरच्या दशकात बसवली आणि त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती इ. स. पूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली, हे कळण्यास कार्बन-१४ चीच मदत झाली. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवले नव्हते. पन्नास हजार वर्षांपलीकडे मात्र हे घड्याळ चालत नाही. तेथे पोटॅशियम-४० सारखी मंद घड्याळे लागतात, आणि त्यांनी सांगितले की आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे.

हिशेब कोणी ठेवायचा?

जे घड्याळ इतके भरवशाचे म्हणून कामाला येते, ते त्याच भरवशाने आपल्या बेफिकिरीचीही नोंद घेते. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका ओसाड दवाखान्यात सोडून दिलेले उपचारयंत्र दोघांनी भंगारासाठी उचलून नेले. आतले सीझियम-१३७ चे चूर्ण अंधारात निळसर चमकत होते. ते कौतुकाने घरोघर वाटले गेले. चार जण मरण पावले. त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

हे दूर देशी घडले असे म्हणून चालणार नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीतील भंगारबाजारात कोबाल्ट-६० चा एक जुना स्रोत फोडला गेला. तो एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील यंत्रात होता. यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते, आणि लिलावात भंगार म्हणून विकले गेले. एक कामगार दगावला, अनेक आजारी पडले. पंचवीस वर्षांत तो कोबाल्ट जवळजवळ पाच वेळा निम्मा झाला होता, म्हणजे सुमारे सत्ताविसावा हिस्साच उरला होता. तेवढा जीव घ्यायला पुरला. माणसे बदलली, निवृत्त झाली, नोंदवही कपाटात गेली. कोबाल्ट विसरला नाही. आणि याची किंमत दिली ती ज्यांनी त्या यंत्राचा कधी उपयोग केला नव्हता अशा गरीब भंगारवाल्यांनी.

म्हणून सामान्य नागरिकानेही दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पात्यांचे चिन्ह, किंवा आकाराच्या मानाने विलक्षण जड असे शिशाचे डबे, भंगारात वा रस्त्यात दिसले तर हात लावू नये, उघडू नये; दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. तसेच, उपचारासाठी किंवा तपासणीसाठी डॉक्टरांनी समस्थानिक सुचवले तर केवळ नावाला भिऊन मागे फिरू नये. कोणते, किती, किती काळ, हे मोकळेपणाने विचारावे. यातली पहिली गोष्ट बेफिकिरीवरचा उतारा आहे, दुसरी भयावरचा.

आणि समाज म्हणून आपल्यावर एक मोठे काम आहे, ते दफ्तर राखण्याचे. सीझियमचा हजारावा हिस्सा उरायला तीनशे वर्षे लागतात. शिवराज्याभिषेकाला आता साडेतीनशे वर्षे होऊन गेली, एवढ्यावरून त्या काळाची कल्पना येईल. मेरी क्यूरींच्या टिपणवह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. इतक्या लांबच्या मुदतीचा हिशेब ठेवणे माणसाला अशक्य आहे असे आम्ही मानत नाही. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल राज्य गेल्यानंतर दोनशे वर्षांनीही पुण्यात जपून ठेवलेले आहेत. कोणत्या गावाने किती सारा भरला हे त्यांत आजही वाचता येते. साऱ्याची नोंद ज्यांना जपता आली, त्यांना कोबाल्टची जपता येऊ नये असे नाही. प्रत्येक स्रोत कोठून आला, कोणाच्या ताब्यात आहे, तो केव्हा व कोणाकडे परत जाणार, हे लिहून ठेवणारा आणि निवृत्त होताना ती वही दुसऱ्याच्या हाती सोपवणारा माणूस जेथे आहे, तेथे ही विद्या वापरायला हरकत नाही. तो नसेल, तर आधी तो नेमावा आणि मग यंत्र आणावे.